सातवी मूठ

१ जून, रविवार

ही डायरी निरोप समारंभात मिळाली. अशा चार मिळाल्या, शिवाय तीन भिंतीवरची घड्याळं आणि एक शाल. चौतीस वर्षं शहाद्याच्या स्टँडवर घड्याळाकडे बघण्यात घालवलेल्या माणसाला घड्याळ देण्यात काय अर्थ आहे? पण देणाऱ्याचं मन पाहावं. काल मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो आणि आज कागदोपत्री अठ्ठावन्न पूर्ण झाली. खरा जन्म कधीचा ते कुणालाच माहीत नाही. आमच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावून टाकला होता, त्यामुळे ब्राह्मणपुरीतले आणखी तिघे माझ्याबरोबरच घरी बसले.

सकाळी सव्वापाचला जाग आली. स्वयंपाकघरात जाऊन शीलाला विचारलं, चहा किती वाजता? ती म्हणाली, "व्हई तवय भेटी." ही काही वेळ सांगायची पद्धत नव्हे. या घरात पुष्कळ सुधारणेला वाव आहे.

४ जून, बुधवार

स्वयंपाकघराचं वेळापत्रक तयार केलं. कुकर ९.१०, पहिली शिट्टी ९.२२, भाकरी ९.४० ते १०.०५, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. मोठ्या कार्डशीटवर लाल-निळ्या शाईत लिहून ओट्यावर लावलं. दुपारी पाहतो तो ते गच्चीवर, आणि त्याच्यावर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या.

७ जून, शनिवार

आज सगळे डबे अक्षरानुक्रमे लावले. शीलाला हळद सापडेना. 'ह' सर्वात शेवटी येतो, म्हणून हळद सर्वात वरच्या फळीवर, इतकं सोपं आहे. नव्या पद्धतीची सवय व्हायला वेळ लागतोच. रात्री वरण पांढरं झालं.

दुपारी ती बराच वेळ फोनवर बहिणीशी बोलत होती. बहीण म्हणजे कळसाडीची बेबीबाई. मी शेजारून गेलो की आवाज खाली. बायकांची काही दुखणी असतात, म्हणून मी खोदून विचारलं नाही.

१० जून, मंगळवार

शीला सकाळी एकटीच कळसाडीला गेली. दुपारच्या गाडीने परत आली. गाडी पंधरा मिनिटं उशिरा. मी थांब्यावर उभा राहून वेळ टिपून घेतली, पण आता सांगायची कुणाला?

तिच्या पिशवीत वर गिलकी होती. गिलक्यांच्या खाली काहीतरी हललं आणि एक तांबूस कान बाहेर आला.

"हाई काय?" मी विचारलं.

"कुत्रं शे."

"ते दखी ऱ्हायनू मी. पन कसाले?"

"माले घरमा करमत नही. एकलं एकलं वाटस."

मी आता चोवीस तास घरात असतो, तरी हिला एकटं वाटतं! चौतीस वर्षं मी ड्यूटीवर होतो तेव्हा तिने कधी तक्रार केली नाही, आणि आता ही तऱ्हा. पण मला दया आली. होकार दिला. अट घातली की कुत्र्याचं सगळं तिने करायचं. ती लगेच हो म्हणाली. लग्नापासून आजवर इतक्या लगेच ती कशालाच हो म्हणालेली मला आठवत नाही.

१२ जून, गुरुवार

शीलाचे गुडघे परवापासून फार धरले आहेत, त्यामुळे पिल्लाला बाहेर मीच नेतो. तात्पुरती व्यवस्था आहे. जुन्या लॉगशीटचा एक गठ्ठा घरात होता, त्यावर नोंदी सुरू केल्या. सुटण्याची वेळ ५.२०. वडाजवळ थांबा ५.२६. डेअरीसमोर थांबा, विजेच्या खांबापाशी थांबा, दुसऱ्या खांबापाशी थांबा. मार्गावर अनधिकृत थांबे फार आहेत. शिस्त लावावी लागेल.

नाव ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. नाव ठेवलं की माया लागते. शीला त्याला गिलक्या म्हणते. मी नोंदीत 'कुत्रा' एवढंच लिहितो.

२२ जून, रविवार

शहाद्याहून अन्वर पिंजारी आला होता. आमच्या लग्नातली गादी त्याच्या वडिलांनी भरलेली. कुत्र्याने परवा तिचं एक टोक उचकलं आणि आत काय आहे याचा पुरता तपास लावला. खोलीभर कापूस. कुत्रा मधोमध बसलेला, नाकाला कापूस, चेहऱ्यावर चोख काम केल्याचा भाव.

अन्वरने गादी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "साहेब, उंदिरनी कुरतडेल गादी मी दखेल शे. हाई ते उलगडी टाकेल शे!" मी म्हणालो, पिल्लू आहे, दात येताहेत, त्याला तरी काय कळतं? दात शिवशिवले की माणसाचं बाळसुद्धा पाटी चावतं. अन्वरने मान डोलावली आणि विचारलं, "नाव काय ठेवं?" मी सांगितलं, नाव नाही. तेवढ्यात कुत्रा त्याची सुई घेऊन पळाला आणि मी "गिलक्या, ये गिलक्या!" करत मागे धावलो. परत आलो तेव्हा अन्वर मिशीत हसत होता. का ते कळलं नाही.

२९ जून, रविवार

आज फार मोठी गोष्ट झाली. गिरधरदादा स्वतः घरी आला. हा माझा सख्खा मोठा भाऊ. दोन गल्ल्यांपलीकडे राहतो, पपई आणि ऊस करतो आणि घरात शेवटचा शब्द त्याचा असतो. ओट्यावर बसून म्हणाला, "आते तू घर बठना. यंदा कानबाई तुन्हा घर बसाडसूत."

कानबाई ही आमची खानदेशची देवी, श्रावणातल्या रविवारी बसते, आणि त्या दिवशी मी कायम ड्यूटीवर. सणाची गर्दी, जादा गाड्या, रजा बंद. चौतीस वर्षं कानबाई दादाच्या घरी बसली आणि मी रात्री उशिरा पाहुण्यासारखा जाऊन रोट खाल्ला. धाकटा असलो तरी घराचा एक खांब मीही आहे, पण माझ्या ओट्यावर देवी कधी बसली नाही हे मला लागत असे. कुणाला बोललो नाही, इथे लिहितो. दादा गेल्यावर मी शीलाला तीनदा सांगितलं की यंदा आपल्या घरी. ती म्हणाली, एकदा ऐकलं.

६ जुलै, रविवार

शीलाचे गुडघे सुधारत असावेत. आज ती फोनवर बेबीबाईला सांगत होती, "बाई, तुन्ही मात्रा लागू पडनी वं! आते घरमा कितलं शांत वाटस!" कुठली मात्रा ते विचारायला हवं, मलाही कंबरेला लावता येईल. पण गुडघे सुधारले तरी फेऱ्या मीच करतो. तिच्या हातात साखळी दिली तर तो तिला ओढून पाडेल. त्याची चाल फक्त मला कळते.

स्वयंपाकघरात बरेच दिवस जाणं झालं नाही. आज डोकावलो तर हळद खालच्या फळीवर. बोलणार होतो, पण ७.४० ची फेरी होती.

१३ जुलै, रविवार

वाईट दिवस. कानबाईची बोलणी करायला दादा आला. टोपी काढून शेजारी खाटेवर ठेवली आणि आम्ही मंडपाचं बोलत बसलो. टोपी नवी, इस्त्रीची. बोलून झाल्यावर दादाने हात लांब केला तो खाटेवर टोपी नव्हती. गिलक्या तुळशीमागे बसला होता. टोपीचा जो भाग उरला होता तो कुठल्याही डोक्याला पुरला नसता.

दादा ओरडला नाही. तो ओरडत नाही, हीच भीती असते. म्हणाला, "प्रेमचंद, हाई कुत्रं कानबाईना घरमा फिरनं ते सोवळं ऱ्हाई का? कुत्रं ऱ्हायनं ते कानबाई मन्हाच घर बशी. तू ठरव."

मी म्हणालो, दादा, ठरवायचं काय त्यात? कुत्रं आजच काढतो. दादा म्हणाला, आज नको, पण सणाआधी. त्याच्या पपईच्या मळ्यावर रेवजी राखण करतो, त्याच्याकडे देऊन टाक.

तो गेल्यावर शीलाला म्हटलं, तुला वाईट वाटेल, पण माझा नाइलाज आहे. ती म्हणाली, "माले काय? घर तुमनं, भाऊ तुमना."

"अनं कुत्रं?"

"कुत्रंबी तुमनंच. मी ते त्याले हातबी लावत नही."

कठीण काळजाची बाई. एक महिना सोबत राहिलेल्या जिवाबद्दल असं बोलवतं तरी कसं?

२१ जुलै, सोमवार

मळ्याची पाहणी करून आलो. रेवजीची झोपडी बरी आहे, पण गळते. पाण्याचा हौद उघडा. साप निघतात का विचारलं, तर रेवजी म्हणाला, निघतात की. सकाळी किती वाजता उठतोस विचारलं, तर म्हणाला, जाग आली की. वेळेचं काहीच नाही! अशा ठिकाणी ५.२० ची फेरी कोण करणार?

घरी येऊन मनात हिशेब मांडला. एका बाजूला कानबाई, तीही पहिल्यांदा, चौतीस वर्षांनी. दुसऱ्या बाजूला टोप्या खाणारं एक गावठी कुत्रं. यात विचार करण्यासारखं काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी झाली. येत्या रविवारी कानबाई. घर सारवून, रंगवून झालं. सुरतेहून भूपेश आणि सूनबाई रूपाली शुक्रवारी येतात.

नियम लिहून ठेवतो, पहिल्याच वर्षी चूक नको. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. मूठ टाकताना त्याचं नाव घ्यायचं. त्याच पिठाचे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. पुरुष सहा: दादा, त्याचा मुलगा नवनीत, नवनीतचे दोन मुलगे, भूपेश आणि मी. गहू मोजायचं काम दादाने माझ्याकडे दिलं. म्हणाला, आयुष्यभर मोजण्यातच गेलंय तुझं. बरं वाटलं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी गिलक्याला मळ्यावर पोचवलं. स्कूटरवर पुढे पायापाशी बसला होता, कान वाऱ्यावर. त्याला वाटलं फिरायला चाललोय. त्याची गोधडी, ताटली आणि लॉगशीटचा गठ्ठा रेवजीला दिला. रेवजीला वाचता येत नाही, तरी दिला. तो म्हणाला, "दोन दिन रडी, मंग सवय व्हई."

मी म्हटलं, कुत्र्याला ना? रेवजी साखळी खुंटीला बांधायला लागला.

वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. तो साखळीच्या टोकाला उभा होता आणि शेपटी हलवत होता, म्हणजे मी परत येणार याची त्याला खात्री होती. मला फार वाईट वाटलं. इतकं की कळसाडीच्या फाट्याला स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो. चौतीस वर्षांत खोटी नोंद केली नाही, आताही करत नाही.

संध्याकाळी आंघोळ करून पांढऱ्या कापडावर गहू मोजले. एकेक नाव घेऊन एकेक ढीग. वरून धुतलेलं कापड झाकलं. घरात सणाची गर्दी, तरी घर रिकामं वाटत होतं.

३ ऑगस्ट, रविवार

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे, कारण गावात याच्या तीन-चार आवृत्त्या आधीच फिरताहेत.

सकाळी दळणाला गहू न्यायच्या आधी धनुबाई काकूने वरचं कापड काढलं. ही आमची चुलती, ऐंशीच्या पुढची. वडिलांच्या मागे घरात तीच सर्वात मोठी. दादाचा शब्द शेवटचा असतो, पण तो काकू गप्प असेल तेव्हा. काकूने ढिगांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"प्रेम्या, माणसं कितला शेत?"

"सहा, काकू."

"मंग ढीग सात कसा?"

मी मोजले. सात. नवनीतने मोजले. सात. एकेक करून सगळ्यांच्या माना रूपालीकडे वळल्या. शीलाने तर तिचा हातच धरला. "माय वं! माले सांगं बी नही? कितला महिना व्हयनात?"

रूपाली लालबुंद. "मम्मी, आसं काहीच नही शे!" भूपेश तिच्याकडे बघतोय, ती भूपेशकडे बघतेय. दादा म्हणाला, "आगाऊ आरक्षण करं का रे प्रेमचंद?" आणि नवनीतची पोरं खो खो हसायला लागली.

मी म्हणालो, मोजण्यात माझी चूक होत नाही. काकू म्हणाली, "मूठ टाकतस तवय नाव लेतस. तू कोनकोना नाव लिधात ते सांग. डोया मिटी ले अनं जसं लिधं तसं सांग."

मी डोळे मिटले. काल संध्याकाळी बसलो होतो तसाच बसलो आणि हात पुढे केला. "गिरधरदादा. नवनीत. नवनीतचा मोठा. नवनीतचा धाकटा. भूपेश. मी. गिलक्या."

डोळे उघडले तेव्हा शीलाने तोंडाला पदर लावला होता. बाकी कुणी हसत नव्हतं. ते नाव माझ्या तोंडून आदल्या दिवशी निघालं, मुठीसकट निघालं, आणि मला पत्ता नाही! लाज वाटली. कानबाईच्या गव्हात कुत्र्याला माणसांत मोजलं. मी दादाला म्हटलं, माझी चूक झाली, तो ढीग उचलून कोठीत टाकतो.

"हात नको लावू," काकू म्हणाली. "नाव लिसन मोजेल मूठ परत कोठीमा जात नही. ज्याना नावनी शे, त्यानीच खावानी."

दादा म्हणाला, "काकू, कुत्राले रोट? रोट भाऊबंदना ऱ्हास!"

"ते याले भाऊबंद कोन करं, मी का तू? तुन्हा भाऊनी करं, कानबाईना गहू मोजीसन करं. आते माले काय ईचारतस?" मग म्हणाली, "गिरधर, भाऊबंद बाहेर ऱ्हायना ते त्याले बलावाले कोन जास?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. रोटाला न आलेल्या भाऊबंदाला घरातला मोठा माणूस जाऊन बोलावतो, ही आमची रीत. रुसलेला असो, भांडलेला असो, मोठ्यानेच जायचं आणि मोठ्यानेच हात धरून आणायचं.

मी म्हटलं, मी जातो. काकू म्हणाली, "तू बस. तू मोठा नही शे."

दादाने जुनी टोपी घातली, मोटारसायकल काढली आणि मळ्याकडे गेला. तासाभराने आला. गिलक्या टाकीवर पुढ्यात बसलेला, दोघांच्याही अंगावर चिखल. मी धावलो. गिलक्याने माझं तोंड, चष्मा, कान सगळं चाटलं. मी मांडवाबाहेर रस्त्यावर बसून त्याला पोटाशी धरलं. कोण बघतंय याचा विचार केला नाही. सोवळं म्हणून तो आज दादाच्या गोठ्यात राहील, घरात येणार नाही. तेवढं दादाचं काकूने मानलं.

कानबाई माझ्या ओट्यावर बसली. नथ घातलेला नारळ, फुलांची चौकट, बायकांची गाणी. फार सुंदर दिसत होती.

४ ऑगस्ट, सोमवार

नदीवर कानबाईला निरोप देऊन आम्ही अकराला परतलो. बायका फुगड्या घालून दमल्या होत्या. मग रोट वाटले. काकूने एकेक नाव घेतलं आणि ज्याने त्याने हात पुढे केला. सातवं नाव घेतलं तेव्हा दादा उठून गोठ्यात गेला आणि गिलक्याला घेऊन आला.

काकूने रोट दादाच्या हातात दिला. मोठा म्हणून त्यानेच द्यायचा. दादाने उकिडवं बसून तो गिलक्यापुढे धरला. गिलक्याने हुंगला आणि तोंड फिरवलं.

गादी खाल्ली, टोपी खाल्ली, सुई पळवली, आणि आता नखरे! नाही खाल्ला तर काय, हे काकूलाही माहीत नसावं. दादाने माझ्याकडे पाहिलं, रोटाचा एक तुकडा मोडला, आपल्या वाटीतल्या खिरीत बुडवला आणि पुन्हा पुढे केला. गिलक्याने तुकडा खाल्ला, मग उरलेला रोट खाल्ला, मग दादाची बोटं चाटली.

दादा त्याच्या डोक्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "खादा ते खादा. पन वावरमा वाटा मांगजो नको."

सगळे हसले. मी चष्मा पुसत होतो. गिलक्या दादाच्या धोतराचा सोगा चावत होता, आणि दादाने तो सोडवून घेतला नाही.